पूलला हिवाळ्याची गोधडी: जळगावात घेतलेल्या सर्व्हिसचा अनुभव

आधीच सांगते, हे वाचून काही जण हसणारच. जळगावात, जिथे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, तिथे घरच्या स्विमिंग पूलसाठी ‘विंटर पॅकेज’ घेतलं म्हटल्यावर माझी बहीण पण हसली होती, म्हणे हिवाळा तरी असतो का तुमच्याकडे. असतो बाई. दिवाळी झाली की सकाळी अंगणात शेकोटी पेटते, धुळ्याकडे पारा ५-६ वर येतो, आमच्याकडे पण १० च्या खाली जातो, आणि दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत, म्हणजे थंडी शिव शिव म्हणत जाते तोपर्यंत, त्या पूलात घरातलं कुणी पाय पण घालत नाही. जवळजवळ चार महिने. पाणी तर तिथेच असतं. त्या पाण्याचं करायचं काय, हा प्रश्न आम्ही दोन हिवाळे चुकीचा सोडवला आणि तिसऱ्या वेळी पैसे देऊन सर्व्हिस घेतली.

सर्व्हिसवाल्याचं नाव लिहीत नाहीये कारण दोन-तीन गोष्टी खटकल्यात आणि माणसं तशी वाईट नाहीत. जळगावात पूलची कामं करणारे मोजकेच आहेत, ज्याला शोधायचंय त्याला सापडतील.

आमचा पूल लहानच आहे. २४ बाय १२ फूट, एका टोकाला साडेतीन फूट खोल आणि दुसऱ्या टोकाला साडेपाच, म्हणजे साधारण ३७ हजार लिटर पाणी. हा आकडा पाठ असू द्या, कारण पुढचे सगळे हिशोब यावर चालतात आणि मला वाटतं घरी पूल असणाऱ्या निम्म्या लोकांना आपल्या पूलात किती लिटर पाणी आहे हेच माहीत नसतं. एक पीपीएम क्लोरीन म्हणजे हजार लिटरला एक ग्रॅम. तर आमच्याकडे एक पीपीएम वाढवायला ३७ ग्रॅम शुद्ध क्लोरीन लागतं. इतकं सोपं आहे, आणि पहिली दोन वर्षं आम्ही मुठीने टाकत होतो.

पहिल्या हिवाळ्यात आमच्या ह्यांनी अमेरिकेतले व्हिडिओ बघितले. तिकडे पूल बंद करणं म्हणजे मोठं प्रकरण असतं, पाणी स्किमरच्या (वरचा कचरा ओढून घेणाऱ्या भिंतीतल्या तोंडाच्या) खाली उतरवायचं, ब्लोअर लावून पाइपातलं सगळं पाणी बाहेर काढायचं, पाइपात अँटीफ्रीझ ओतायचं, बुचं मारायची, कारण तिकडे पाणी गोठतं आणि गोठलं की फुगतं आणि पाइप, पंप, फिल्टर सगळं फोडतं. ते त्यांच्याकडे बरोबरच आहे. ह्यांनी अँटीफ्रीझ कार्टमध्ये टाकून पण ठेवलं होतं. माझे सासरे, त्यांना आम्ही नाना म्हणतो, अमळनेरकडचे, घरात अजून अहिराणीच बोलतात, ते म्हणाले, ‘आठे पानी कव्हय बरफ व्हयनं का रे भो?’ झालं, विषय संपला. तोरणमाळ, डाब तिकडे सातपुड्यात दवबिंदू गोठल्याची बातमी दर दोन-चार वर्षांनी पेपरात येते, पण गवतावरचं दव गोठणं वेगळं आणि ३७ हजार लिटरचा हौद गोठणं वेगळं. आमच्या पूलात थर्मामीटर टाकून बघितला होता, जानेवारीत सकाळी १६ दाखवत होता.

मग ‘नाही वापरायचा तर रिकामा करा’ असा सल्ला एका कारागिराने दिला आणि आम्ही तो ऐकला. ही आमची सगळ्यात महागडी चूक. आमची जमीन काळी, कपाशीची. त्या वर्षी परतीचा पाऊस भरपूर झालेला, विहीर काठाला आलेली. पूल रिकामा केला आणि पंधरा दिवसांत खोल टोकाकडच्या टाइल्स ठक्क करून सुटल्या, एक तडा कोपऱ्यापासून पायरीपर्यंत गेला. नंतर कळलं की भरलेल्या पूलात ३७ टन पाणी असतं आणि ते आतून दाबून धरतं, ते काढलं की खालचं जमिनीतलं पाणी सगळ्या सांगाड्याला रिकाम्या होडीसारखं वर ढकलतं. त्यात काळी माती, पावसाळ्यात फुगते आणि थंडीत वाळत गेली की भेगा पडतात, शेतात बघतोच की आपण. दुरुस्तीला ३८ हजार गेले. तेव्हा काळ्या जमिनीत पूल असेल तर कुणी कितीही सांगू दे, रिकामा ठेवू नका.

दुसऱ्या हिवाळ्यात त्या धसक्याने काहीच केलं नाही. नुसतं सोडून दिलं. जानेवारीपर्यंत पाणी शेवाळलेल्या शेततळ्यासारखं झालं, बेडकं आली, डास आले. शेजारच्या काकूंनी गप्पी मासे सोडायला सांगितलं, एका पाहुण्याने रोहू-कटला टाका म्हणून हिशोब पण मांडून दाखवला. मार्चमध्ये सगळं पाणी उपसून, घासून, भरून, औषधं टाकून परत चालू करायला आठवडा आणि बारा-तेरा हजार रुपये लागले.

म्हणून या वेळी नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पॅकेज घेतलं. साडेसहा हजार रुपये, त्यात बंद करताना एक पूर्ण दिवसाचं काम, महिन्याला एक अशा तीन व्हिजिट, आणि शेवटी चालू करून देणं. औषधं त्यातच. ताडपत्री वेगळी, ती पुढे सांगते.

सकाळी नऊला दोघं आले, एक चाळिशीचा आणि एक पोरगेलासा. मोठ्या माणसाचं मला पटलं ते हे की त्याने आल्या आल्या ब्रश किंवा जाळी हातात घेतली नाही, आधी पाणी तपासलं. आधीचा जो माणूस यायचा तो नुसता बघून सांगायचा, ‘ताई दोन किलो टाकतो’. याच्याकडे थेंबांची पेटी होती. क्लोरीन ०.३, पीएच ८.१, अल्कलिनिटी (पीएच वर धरून ठेवणारे क्षार) २१०, आणि मग एक उभी नळी काढली जिच्या तळाला काळा ठिपका असतो, त्यात औषध मिसळलेलं गढूळ पाणी ओतत जायचं, ठिपका दिसेनासा झाला की तिथला आकडा वाचायचा. ही सायन्युरिक अॅसिडची टेस्ट. आमचं पाणी इतकं भरलेलं की ठिपका शंभरच्या खुणेच्या आधीच गायब, मग त्याने अर्धं पूलचं आणि अर्धं विहिरीचं पाणी घेऊन परत केली, ५५ आलं, दुप्पट करून ११०.

हे सायन्युरिक अॅसिड प्रकरण मला कुणी दोन वर्षांत सांगितलं नव्हतं आणि माझ्या मते सगळ्या पॅकेजचे पैसे इथेच वसूल झाले. आपण ज्या पांढऱ्या गोळ्या तरंगत्या डब्यात घालून सोडतो, टीसीसीए ९०, त्यात क्लोरीनसोबत हे पण असतं. क्लोरीन उडून जातं, हे उडत नाही. थोडं असलेलं चांगलं, ३० ते ५० पर्यंत, कारण ते क्लोरीनला उन्हापासून वाचवतं आणि आपल्याकडचं ऊन तर माहीतच आहे. पण गोळ्यांतून दहा पीपीएम क्लोरीन गेलं की साधारण सहा पीपीएम हे वाढतं, आणि वर्षभर गोळ्याच टाकल्या की ते शंभरच्या वर जाऊन बसतं, मग क्लोरीन असूनही कामच करत नाही. म्हणजे गेल्या उन्हाळ्यात मी जे रोज गोळ्या वाढवत होते आणि पाणी तरी हिरवट पडत होतं, ते का, ते आता कळलं. मी स्वतःच क्लोरीनला बांधून ठेवत होते.

यावर औषध नाही. पाणी काढायचं आणि नवीन भरायचं एवढंच. रिकामा नाही करायचा, पण ४० टक्के उपसायचं, साधारण १५ हजार लिटर. नाना चिडले. पाणी फुकट जाणार म्हटल्यावर खानदेशातला कुठलाही शेतकरी चिडेल, तापीच्या पट्ट्यात सुद्धा बोअर किती खोल गेलेत ते सगळ्यांना माहीत आहे. शेवटी पाइप लांबवून ते पाणी लिंबाच्या आणि चिकूच्या झाडांना सोडलं, क्लोरीन ०.३ च होतं म्हणून चाललं, शॉक, म्हणजे क्लोरीनचा एकदम मोठा डोस, दिल्यावरचं पाणी झाडांना सोडू नका. भरताना बोअरचं नाही, विहिरीचं भरलं. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड आहे की बादलीत दोन दिवस ठेवलं तर पांढरी रेघ येते, आणि पूलच्या टाइल्सवर जी पांढरी पट्टी बसते ती तीच. भरून झाल्यावर सायन्युरिक ६५ वर आलं. ५० पाहिजे होतं, पण त्यासाठी अजून पाणी काढायची नानांसमोर कुणाची हिंमत नव्हती.

मग अॅसिड. अल्कलिनिटी आणि पीएच खाली आणायला म्युरिअॅटिक अॅसिड, एकूण चार लिटर, पण एकदम नाही, अर्धा दुपारी आणि अर्धा दुसऱ्या दिवशी, पंप चालू ठेवून, पूलभोवती चालत चालत थोडं थोडं. इथे नाना खुर्ची घेऊन येऊन बसले आणि मग त्यांची आणि त्या माणसाची जी गट्टी जमली ती जमली. कारण हे सगळं नानांना पाठ. ठिबकच्या नळ्यांत क्षार बसले की अॅसिड सोडायचं, शेवाळ झालं की क्लोरीन सोडायचं, सँड फिल्टरचं प्रेशर वाढलं की बॅकवॉश द्यायचा, म्हणजे पाणी उलटं फिरवून तो धुवायचा. पूलची अख्खी मशिनरी म्हणजे केळीच्या शेतातलं ठिबकचं हेडयुनिट (पंप आणि फिल्टरचा संच) आहे, फक्त त्याला निळा रंग दिला की किंमत चौपट. तो माणूस पण आधी ठिबकच्या फिटिंगचं काम करायचा असं निघालं. नाना त्याला सांगत होते, ‘पानीमां अॅसिड टाक, अॅसिडमां पानी नको टाकू,’ आणि तो पण ‘हो नाना, हो नाना’ करत होता जसं काही पहिल्यांदाच ऐकतोय.

फिल्टरला बॅकवॉश दिला तेव्हा काचेतून आधी चहासारखं पाणी आलं आणि मग तीन-साडेतीन मिनिटांनी स्वच्छ. त्याने गेजवर मार्करने रेघ मारून दिली, स्वच्छ फिल्टरचं प्रेशर इथे, आणि यापेक्षा आठ-दहा पीएसआय वर गेलं तरच बॅकवॉश द्या, उगाच दर आठवड्याला देऊन पाणी घालवू नका. एका रेघेचं काम. पण तीन वर्षांत कुणी मारली नव्हती.

आता खटकलं ते. संध्याकाळी शॉक द्यायचा होता, उन्हात दिला तर अर्धं क्लोरीन सूर्यच खातो म्हणून दिवस मावळल्यावर. त्यासाठी गोळ्या नाही वापरल्या, दाणेदार कॅल्शियम हायपोक्लोराइट, ६५ टक्केवालं, ६०० ग्रॅम, म्हणजे आपल्या ३७ हजार लिटरला साधारण दहा पीपीएम. मोठा माणूस वायरिंग बघायला गेला आणि त्या पोराने ज्या मगात थोड्या वेळापूर्वी टीसीसीएचा चुरा घेतला होता, तोच ओला मग या डब्यात घालायला उचलला. नानांनी असा आवाज दिला की शेजारचे बाहेर आले. ही दोन्ही क्लोरीनच असली तरी एकमेकांत मिसळली, त्यात ओल असली, तर भडका उडू शकतो, विषारी वायू निघतो, स्फोट पण होतो. मोठ्याने येऊन त्याला झापलं, मग त्याच्या पेटीत दोन रंगांचे वेगळे मग निघाले, म्हणजे पद्धत होती, पोराला सांगितलेलं नव्हतं. दहा-बारा हजार पगारावर पोरं ठेवायची आणि त्यांच्या हातात हे डबे द्यायचे, ना हातमोजे ना चष्मा. मी त्यांच्या ऑफिसला फोन करून सांगितलं, ते ‘हो मॅडम, लक्ष देतो’ म्हणाले. पुढच्या व्हिजिटला पोराच्या हातात मोजे होते, डोळ्यांना तरी काही नव्हतंच.

मोरचूदबद्दल पण विचारलं, कारण आधीचा माणूस शेवाळासाठी मोरचूद टाकायचा आणि घरात बोर्डो मिश्रणासाठी, म्हणजे झाडांवरच्या बुरशीच्या फवारणीसाठी, आणलेलं पडलेलंच असतं. तो म्हणाला काम करतं पण तांबं पाण्यात राहतं आणि प्लास्टरवर डाग धरतं. आमच्या पायरीवर जे निळसर काळे डाग आहेत ते कुठून आले हे मी तीन वर्षं शोधत होते.

आता ताडपत्री. यांनी पीव्हीसीचं जाड कव्हर दिलं, चारी बाजूंनी दोन-दोन फूट जास्त म्हणजे २८ बाय १६, कडेला दर दोन फुटांवर पितळी रिंगा, त्यातून रबरी दोरे आणि जमिनीत हूक. ९,४०० रुपये. कव्हर पाहिजेच, त्यात वाद नाही. ऊन आलं नाही की शेवाळ वाढत नाही आणि क्लोरीन टिकतं, आमच्याकडे देशी बदाम आहे त्याची पानं जानेवारीत लाल होऊन गळतात आणि पाण्यात पडली की चहाचा रंग सोडतात, ते सगळं वाचलं. माल पण चांगला आहे, अजून एक रिंग सुद्धा उखडली नाही. पण ज्या गावात एमआयडीसीत घरोघरी वापरायच्या प्लॅस्टिकच्या चटया बनतात, ठिबकच्या नळ्या बनतात, शेततळ्याचे कागद मिळतात, तिथे मी साध्या कव्हरला साडेनऊ हजार दिले हे नानांना अजून पचलेलं नाही. त्यांच्या मते शेततळ्याच्या कागदवाल्याकडून निम्म्यात झालं असतं, आणि खरं सांगायचं तर मलाही आता तसंच वाटतं.

पण पैशाचं दुःख कमी, दुसरं जास्त आहे. कव्हर बसवताना त्या पोराने, आणि नंतर फोनवर ऑफिसवाल्याने पण, सांगितलं की यावरून लेकरू चाललं तरी काही होत नाही. माझी भाची तीन वर्षांची आहे, सुट्टीत येते, म्हणून मी तपासून बघायचं ठरवलं. ४५ किलोच्या युरियाच्या रिकाम्या गोणीत २० किलो वाळू भरली आणि गड्याला सांगून कव्हरच्या मधोमध टाकली. आधी कव्हर ताणलं, मग एका बाजूचे तीन हूक मऊ जमिनीतून सुटले, आणि गोणी कव्हरसकट गुंडाळत खाली गेली. मी बघत उभी होते आणि माझे हातपाय गार पडले. गोणीच्या जागी पोर असतं तर वरून काही दिसलं पण नसतं. सेफ्टी कव्हर वेगळं असतं, पट्टे असतात, काँक्रीटमध्ये अँकर असतात, ते यांच्याकडे नाहीच, ते मागवायला लागतं आणि महाग आहे. साधं कव्हर म्हणजे कचरा आणि ऊन अडवायचं साधन, बस्स. उलट उघडा पूल दिसतो तरी, झाकलेला जमीन वाटतो. आम्ही लगेच वेल्डरकडून चार फुटी जाळीचं फाटक करून घेतलं आणि कुलूप लावलं. ज्यांच्या घरी लहान पोरं किंवा कुत्री-मांजरं आहेत त्यांनी बाकी काही नाही वाचलं तरी चालेल, हा परिच्छेद परत वाचा.

आणि एक, कव्हर मधे झुकतं. डिसेंबरात एक रात्र अवकाळी पाऊस आला, सकाळी कव्हरवर मधोमध तळं साचलं. स्वच्छ साचलेलं पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासाला आमंत्रणच. खाली क्लोरीनचं पाणी आणि वर डासांची नर्सरी. सर्व्हिसवाल्यांकडे यावर उत्तर नव्हतं, म्हणे मगाने काढून टाका. नानांनी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची जुनी ट्यूब फुगवून पाण्यात सोडली, बरोबर मधे, दोन दोऱ्यांनी बांधून, आणि त्यावरून कव्हर परत ओढलं. झालं ना भो. मधे उंचवटा, पाणी कडेला ओघळतं. पुढच्या व्हिजिटला तो मोठा माणूस बघून मोबाइलवर फोटो काढून घेऊन गेला, आता दुसऱ्यांना तीच ‘आयडिया’ पाचशे रुपयांत विकेल.

व्हिजिट तीन ठरल्या होत्या. डिसेंबरची वेळेवर झाली. जानेवारीची बारा दिवस उशिरा, तीही चार फोन केल्यावर, लग्नाची कामं, गाडी खराब, नेहमीचं. फेब्रुवारीची चालू करायच्या व्हिजिटमध्येच उरकली, म्हणजे हिशोबाने एक कमीच. त्याचे पैसे परत मागितले तर म्हणाले पुढच्या वर्षी अॅडजस्ट करू.

मधल्या काळात आम्हाला स्वतः करायचं होतं ते फार नव्हतं. पंप रोज आठ तासांऐवजी तीन तास, कारण थंड पाण्यात शेवाळाची वाढ मंदावते आणि क्लोरीन पण कमी लागतं. एक एचपीचा पंप आहे, तासाला पाऊण युनिट धरा, म्हणजे दिवसाला सहा युनिटऐवजी सव्वादोन, महिन्याला शंभराच्या वर युनिट वाचले, हे बिलात दिसलं. पण पूर्ण बंद नाही करायचा, पाणी हललंच पाहिजे. आणि गोळ्यांऐवजी पातळ हायपो (सोडियम हायपोक्लोराइट), दहा टक्केवालं, आठवड्याला एक लिटर, म्हणजे साधारण पावणेतीन पीपीएम. ते उन्हाळ्यात कॅनमध्येच शिळं होतं, ताकद जाते, थंडीत मात्र बऱ्यापैकी टिकतं, फक्त सावलीत ठेवा.

एकदाच गोंधळ झाला, भरीत पार्टीला. हिवाळ्यात खानदेशात शेतात भरीत पार्टी झाली नाही तर लोक विचारतात की घरी सगळं ठीक आहे ना. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) पण मिळालंय, तर डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी आमच्याकडे तीसेक माणसं, २० किलो वांगी, पूलपासून चाळीस फुटांवर कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ, कळण्याच्या भाकरी, सगळं. आणि कुणाच्या तरी पोरांनी ‘आत काय आहे’ बघायला एका बाजूचं कव्हर काढून ठेवलं. (फाटकाचं कुलूप त्या दिवशी मीच उघडं ठेवलं होतं, माझीच चूक, आणि तिथे मोठं माणूस उभं करायला हवं होतं.) वारा त्याच दिशेने. सगळी राख पाण्यावर. सकाळी बघितलं तर उघड्या भागात करडी साय धरलेली. राख अल्कलीच, पूर्वी भांडी घासायचो की आपण. पीएच ७.५ चा ७.९ झाला होता. जाळीने वरची काढली, थोडं अॅसिड, एक रात्र फिल्टर जास्त चालवला, बॅकवॉशला काळं पाणी आलं, निघून गेलं. कव्हर पूर्ण उघडं असतं तर काय झालं असतं ते त्या करड्या पट्ट्याकडे बघून कळत होतं. पुढच्या वर्षी जाळ विहिरीच्या बाजूला.

शिवरात्रीनंतरच्या सोमवारी उघडला. मी गेल्या वर्षीच्या आठवणीने नाकाला पदर लावूनच उभी होते. कव्हर ओढलं आणि तळाची टाइलची नक्षी दिसली. क्लोरीन ०.८, पीएच ७.६, सायन्युरिक तेवढंच. कोपऱ्यात थोडा गाळ, तो व्हॅक्यूमने अर्ध्या तासात गेला. संध्याकाळी क्लोरीन दोनवर आणलं आणि दुसऱ्या दिवशी पोरं उतरली. पाणी अजून थंडच होतं, पाच मिनिटांत ओठ निळे करून बाहेर.

पाचपैकी साडेतीन. तपासणीला आणि त्या मोठ्या माणसाच्या हाताला पाच, पण अर्धा गुण उशिराच्या व्हिजिटचा कापला, आणि एक त्या ‘लेकरू चाललं तरी’ या वाक्याचा, खरं तर त्याचे दोन कापायला पाहिजेत. पुढच्या वर्षी घेईन, पण व्हिजिटचे पैसे व्हिजिट झाल्यावरच देणार हे आधी ठरवून, आणि गोळ्या मी स्वतः मोजून टाकणार.

कव्हर धुऊन, वाळवून, घडी करून माळ्यावर टाकलंय. ट्यूब मात्र फुटलेली निघाली, भरीत पार्टीलाच कुणीतरी त्यावर काहीतरी टोचलं असणार. नाना रोज सकाळी चहा घेताना एकेकाच्या तोंडाकडे बघतात आणि विचारतात, ‘मनी ट्यूब कोनी फोडी?’